बंडूची पाठ

गाय अडली म्हणून खांद्यापर्यंत हात घालायला मला कधी भीती वाटली नाही. बिथरलेल्या वळूची वेसण धरली आहे, पिसाळलेल्या कुत्र्याचं तोंड बांधलं आहे. पण नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना, भूमच्या दवाखान्यात मी एका कासवाच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि ती पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली, तेव्हा माझा हात चटकन मागं आला. कासवाची पाठ दबत नसते एवढं मला ठाऊक होतं. कासवाविषयी त्या दिवशी मला जे काही ठाऊक होतं, ते जवळजवळ एवढंच.

मी पशुवैद्यक. सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यात झाली. ढोकीला होते तेव्हा ऊस ओढणाऱ्या बैलांच्या खांद्यांवरच्या जखमा धुतल्या, वाशीला शेळ्यांच्या साथी पाहिल्या, आणि शेवटी भूमला आले. भूमकडं खव्याच्या भट्ट्या, त्यामुळं दुभती जनावरं पुष्कळ आणि दवाखान्यात म्हशींची रांग. लग्न केलं नाही. त्याची कारणं या लेखात बसणार नाहीत. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दिवस जनावरांत निघून जायचा. सहा वाजता दवाखान्याला कुलूप लावलं की मात्र पुढचा वेळ अंगावर यायचा. भाजी एकटीपुरती किती आणि कशी घ्यायची, हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

कासव घेऊन आलेले गृहस्थ दिगंबरराव, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. वय सदुसष्ट-अडुसष्ट, अंगानं सडपातळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. घमेल्यात टॉवेल आणि टॉवेलात कासव. म्हशीवाल्यांची रांग संपेपर्यंत ते घमेलं मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. सगळे गेल्यावर आत आले.

"म्याडम, हा बंडू. आठ दिवस झाले, खात न्हाय. मागचे पाय वढत चालतोय."

टॉवेल बाजूला केला तर स्टार कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात, त्या जातीचं. पण या पाठीचा घुमट राहिला नव्हता. प्रत्येक चांदणी वर उचलून तिचा टोकदार उंचवटा झाला होता, जणू पाठीवर लहान लहान पिरॅमिड ठेवलेत. कडा मऊ पडल्या होत्या. आणि सगळ्या पाठीवर तेलाचा जाड, धुळकट थर.

"तेल कोण लावतं?"

"शनिवारी लावतो. खोबरेल. चकाकी राहती."

"खायला काय?"

"दूध-चपाती. भात. कधी बिस्कीट. आपण खातो तेच की."

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी गाई-म्हशींची डॉक्टर आहे, कासवाला कधी हात लावलेला नाही. दुसरी, ही जात घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे, आणि मी सरकारी माणूस आहे, मला वन खात्याला कळवावं लागेल.

दिगंबररावांनी टॉवेल पुन्हा नीट पांघरला. "मग ऱ्हाऊ द्या म्याडम," म्हणाले, आणि घमेलं उचलून निघून गेले. मी थांबा म्हटलं नाही.

दोन दिवस मी तो अंगठा विसरू शकले नाही. नियमानं मी तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. त्याऐवजी पुण्यात असली वेगळी जनावरं तपासणाऱ्या एका तरुण पशुवैद्याचा नंबर मिळवला. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान मुलगा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, कॅल्शियम संपलंय त्याचं. लवकर काही केलं नाही तर जाईल."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचारत विचारत दिगंबररावांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागं रस्त्यावर आणखी कोणी आहे का ते पाहिलं.

"एकटीच आहे," मी म्हटलं. "आधी जगवू या. बाकीचं नंतर बघू."

अशा रीतीनं मी त्या घरात गेले.

घर तीन खोल्यांचं, मागं फरसबंद अंगण. मधल्या खोलीत, खिडकीच्या तावदानाखाली प्लॅस्टिकचा टब. बंडू त्यात राहायचा. भिंतीवर दिगंबररावांच्या पत्नीचा, कमलबाईंचा फोटो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मनीषा पुण्याला, नोकरी आणि संसारात गुंतलेली.

बंडू आला कसा, ते त्यांनी चहा करता करता सांगितलं. हैदराबादकडून येणाऱ्या गाडीवर ड्युटी होती. नळदुर्गाच्या पुढं पोलीस गाडी तपासायला चढले, तेव्हा मागच्या सीटवरचा एक माणूस उतरला तो परत आलाच नाही. त्याची पिशवी राहिली. डेपोत जमा करायच्या आधी यांनी उघडून पाहिली तर ओल्या फडक्यात लिंबाएवढी सहा कासवं. पाच मेलेली.

"पिशवी जमा केली म्या. जिवंत व्हतं ते खिशात घातलं. ते कागदावर लिहिलं न्हाय. मनीषा चौथीत व्हती तवा. दोन दिवस खेळंल आणि मरंल म्हणलं. मेलं न्हाय."

"मग?"

"मग मनीषा कॉलेजला गेली, लग्न झालं. ही दोघंच घरात. मी गाडीवर. कमल त्याच्याशी बोलायची दिवसभर. दूध-चपाती कुस्करून तीच घालायची. तेलबी तिचंच. ती गेली, म्हणलं नेम मोडू नये."

वाचकांना कासवाच्या कवचाविषयी थोडं सांगते, कारण मलाही ते त्या आठवड्यातच नीट समजलं. कवच हे कासवाचं घर नाही, ते त्याचं हाड आहे. कणा आणि बरगड्या पसरून, एकमेकींना जुळून ती पाठ झालेली असते, आणि हाडावर नखासारखा पातळ थर असतो. आपण नखावर टिचकी मारली तर कळतं, तसं त्यालाही पाठीवर हात लागलेला कळतो. हे हाड घट्ट राहायला चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम, आणि तो अंगी लागायला ऊन लागतं. काचेतून आलेलं ऊन नाही. काच उजेड आणि ऊब आत सोडते, पण हाडाला हवा असलेला उन्हाचा भाग बाहेरच अडवते. बंडू पंचवीस वर्षं खिडकीखाली बसून होता आणि खरं ऊन त्याला कधी मिळालंच नव्हतं. चपाती, दूध, भात हे गवत खाणाऱ्या जिवाचं अन्न नाही. त्यानं वाढ वेडीवाकडी होते, पाठीला उंचवटे येतात. तेलानं चकाकी येते, पण त्यावर धूळ बसते आणि खाली कवच कुजायला लागतं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, सांधे ढिले पडतात.

हे सगळं मी दिगंबररावांना शिकवण्याच्या भरात एका दमात सांगून टाकलं. ते ऐकून घेत राहिले. मग फोटोकडं न बघता म्हणाले, "म्हणजे आमीच मारायला लागलो व्हतो त्याला."

जनावराच्या मालकाला कसं सांगावं, हे इतक्या वर्षांत मी शिकले आहे असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "तसं नाही. तुमच्याकडं होता म्हणून पंचवीस वर्षं जगला." हेही खरं होतं. पण आधीचं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. दाढीच्या मऊ ब्रशनं आणि कोमट पाण्यानं तेल काढलं, त्याला चार दिवस लागले, कारण घासायचं नव्हतं. कॅल्शियमचं इंजेक्शन मी देत होते. पेढेवाल्याच्या काट्यावर वजन करत होतो. पेढेवाल्याला सांगितलं होतं की टॉवेलात औषधाचं गाठोडं आहे. त्यानं टॉवेल हलताना पाहिला आणि पुढं काही विचारलं नाही. अंगणातल्या निम्म्या फरश्या दिगंबररावांनी स्वतः उचकटल्या. खाली आमच्या भागातली काळी माती, ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगड होते, म्हणून तिच्यात मुरूम आणि शेजारच्या बांधकामावरची वाळू मिसळली. फुटलेल्या रांजणाचा अर्धा भाग पालथा घालून सावलीची जागा केली. पितळी परातीत त्याच्या हनुवटीपर्यंत येईल एवढं कोमट पाणी, त्यात रोज पंधरा मिनिटं बसवायचं. खायला हराळी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, काटे भाजून काढलेलं फड्या निवडुंग. पालक नाही, कोबी नाही, फळ क्वचित. आणि चुन्यासाठी समुद्रफेस. बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पांढरा, ठिसूळ. तो किसून पाल्यावर भुरभुरायचा.

दिगंबरराव रोज सकाळी कंडक्टरची जुनी चामडी बॅग गळ्यात अडकवून बांधांवर हराळी काढायला जायचे. कोणी विचारलं तर गणपतीला दुर्वा म्हणून सांगायचे. लोक म्हणायला लागले, कमलबाई गेल्यापासून कंडक्टर फार देवभोळे झाले.

मी रोज सहा वाजता दवाखाना बंद करून तिथं जायची. तपासायला दहा मिनिटं पुरायची. मी तासभर बसायची.

बंडू थोडं खायला लागला, पण मागचे पाय सुधारेनात. अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला ढुशा द्यायचा, माती उकरल्यासारखं करायचा, सोडून द्यायचा. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, एक्स-रे काढा. जनावरांचा एक्स-रे आमच्याकडं नव्हता. मी बार्शीला माणसांच्या एका केंद्रात ओळखीनं विचारलं. तिथले डॉक्टर म्हणाले, दुपारी गर्दी कमी असते, या.

गर्दी कमी नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बंडू," दिगंबरराव म्हणाले.

"वय?"

"पंचवीस."

"कुठंय? पुढं बोलवा त्याला."

दिगंबररावांनी घमेलं काउंटरवर ठेवलं. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. रांगेत हशा झाला. हात मोडलेला एक पेशंटसुद्धा बरा हात पुढं करून कासवाला नमस्कार करून गेला. कोणीतरी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. मीही हसत होते. तो व्हिडिओ तेव्हाच बंद करायला लावायचा होता, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

फिल्म उजेडावर धरली. हाडं विरळ, नुसत्या सावल्यांसारखी. आणि पोटात चार गोल.

मी पुण्याला फोटो पाठवला आणि उत्तर यायच्या आधीच मला समजलं होतं. बंडू मादी होती. पोटात चार अंडी होती, आणि अंड्यांच्या कवचासाठी लागणारा चुना ती स्वतःच्या पाठीतून काढून देत होती.

परतताना गाडीत दिगंबररावांनी घमेलं मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "पिल्लं व्हतील का?"

"नाही. नर नाही ना. नुसती अंडी."

"पंचवीस वर्षं एकटीच म्हणायची ही."

मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी टॉवेलाची कड उचलून आत पाहिलं आणि पुन्हा सोडली.

अंडी निघाली नाहीत तर ती मरणार होती. गाईला कळा येण्याचं इंजेक्शन मी हजारदा दिलं असेल, पण इथं ते घाईनं दिलं तर मऊ हाडांच्या त्या पोटात काय होईल सांगता येत नव्हतं. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, आधी चुना भरून काढा आणि तिला मनाजोगती जागा द्या. तिला जमीन पटली तर ती स्वतः घालेल. मादी कासव मागच्या पायांनी खड्डा करते, तेवढी खोल, भुसभुशीत, उबदार माती लागते. आम्ही अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा खणून वाळूमातीनं भरला, थोडं पाणी शिंपडलं, आणि वाट पाहत बसलो. पाच दिवस ती तिकडं फिरकली नाही. सहाव्या दिवशी तिनं पाला तोंडात धरला आणि सोडून दिला. त्या संध्याकाळी निघताना मी कळांच्या इंजेक्शनाचं मनात ठरवूनच निघाले.

सातव्या दिवशी दुपारी मी वाशीच्या रस्त्याला एका वस्तीवर होते. गाय अडली होती, वासराचं डोकं मागं वळलेलं. माझा हात आत आणि फोन वाजायला लागला. गाईवाल्या आजीबाईंनी तो माझ्या पिशवीतून काढून माझ्या कानाला लावून धरला.

"म्याडम, बंडू उकरायलाय," दिगंबरराव हळू आवाजात बोलत होते, जणू तिला ऐकू जाईल. "उकरायलीय. मागच्या पायांनी. मी दाराआड हाय."

"हलू नका. जवळ जाऊ नका."

"न्हाय जात. तुमी कवा येता?"

"माझा हात गाईत आहे."

"बरं. मग मी सांगतो तुमाला."

आणि ते सांगत राहिले. खड्डा किती झाला, तिनं पाय कसा वाकवला, पहिलं अंडं पडल्यावर पायानं ते कसं सरकवून घेतलं. आजीबाई फोन धरून उभ्या होत्या, त्यांना वाटलं माझ्या घरी कोणी बाळंत होतंय. वासराचं डोकं सरळ झालं तेव्हा तिकडं तिसरं अंडं पडलं होतं. मी वासरू ओढून काढलं, त्याचं नाक पुसलं, आणि आजीबाईंनी विचारलं, "तिकडं काय झालं, पोरगा का पोरगी?"

"चार," मी म्हटलं. त्यांनी फोन कानापासून काढून माझ्याकडं नीट पाहिलं.

मी पोचले तेव्हा सूर्य मावळतीला गेला होता. तिनं माती लोटून जागा सपाट केली होती आणि रांजणाखाली जाऊन झोपली होती. चौथं अंडं मऊ होतं, फुटलेलं, ते मातीवरच राहिलं होतं. दिगंबरराव त्या सपाट मातीशेजारी पायरीवर बसले होते. मला बघून उठले आणि आत जाऊन चहाला आधण ठेवलं.

त्यानंतर ती झपाट्यानं सुधारली. महिन्या-दोन महिन्यांत पाठीची कड अंगठ्यानं दबेनाशी झाली, घट्ट. पाय उचलून चालायला लागली. जुने उंचवटे मात्र जात नसतात. वेडंवाकडं वाढलेलं हाड तसंच राहतं, फक्त त्यापुढं येणारी नवी वाढ सपाट येते. कडेला तशी एक बारीक, स्वच्छ रेघ दिसायला लागली होती.

दरम्यान भूममध्ये मी कासवाची डॉक्टरीण झाले. एका व्यापाऱ्यानं काचेच्या बरणीतलं पाण्यातलं कासव आणलं, पाठीला पांढरी बुरशी, कारण त्याला पाण्याबाहेर बसायला दगडच नव्हता. एकानं कवचाला भोक पाडून दोरी बांधलेलं कासव आणलं आणि विचारलं, याला लागतं का? मी त्याच्या नखाकडं बोट दाखवून विचारलं, इथं गिरमिट मारू का? तो हसला. मी हसले नाही.

दिगंबररावांकडची बंडू बरी झाली होती. म्हणजे आता वन खात्याला फोन करायचा होता. मी केला नाही. पावसाळा जाऊ दे म्हटलं. मग थंडी जाऊ दे म्हटलं. थंडीत प्रवास नको, हे कारण वैद्यकीयदृष्ट्या चांगलं होतं. खरं कारण मी इथं पहिल्यांदा लिहिते आहे. बंडू गेली असती तर मला सहा वाजता त्या घरी जायचं काही कारण उरलं नसतं. भूमसारख्या गावात एकटी बाई एका विधुराच्या घरी कासव तपासायला जाऊ शकते, नुसता चहा प्यायला नाही. मी कायदा बाजूला ठेवला तो जनावरासाठी नाही, माझ्यासाठी.

जानेवारी संपत आला असताना दिगंबररावांचा दवाखान्यात फोन आला. "म्याडम, जरा येता का. दोघं जण आले व्हते."

पांढऱ्या गाडीतून आलेले, अनोळखी. मोबाइलवर बार्शीचा तो व्हिडिओ दाखवून म्हणाले, हे तुमचंच ना? कासव बघायचंय, नखं मोजायची आहेत. आमच्या भागात एक खुळ आहे, वीस नखांचं कासव असलं की पूजा मांडून पैशांचा पाऊस पाडता येतो म्हणे. असल्या पूजेत कासवाचं काय होतं ते मी सांगत नाही. स्टार कासवाला पुढं पाच-पाच आणि मागं चार-चार अशी अठरा नखं असतात. दिगंबरराव नाही नाही म्हणत असताना त्या दोघांनी अंगणात जाऊन तिला उलटी केली आणि मोजली.

"अठरा भरली. मला वाटलं जातील," दिगंबरराव म्हणाले. "तर त्यातला एक म्हणतो, दोन लावता येतात. चिकटवून. परत येतो म्हणले."

अंगणात बंडू डोकं आत ओढून बसली होती, दुपारपासून तशीच.

"आता कळवावं लागेल," मी म्हटलं.

"तुमी तर पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाय."

"मी सांगितलं आणि मग मीच गप्प बसले. आणि तो व्हिडिओ माझ्यासमोर काढला गेला."

त्यांनी मान हलवली. ती मला माफ करणारी होती की नुसतीच, ते कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "मला काय करत्यात का हो? जेल वगैरे?"

"मी बरोबर आहे," मी म्हटलं, आणि तिथूनच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी वन खात्याची माणसं आली. मी ज्याची इतकी भीती घातली होती, तो वनपाल साधा, मऊ बोलणारा माणूस निघाला. स्वतःहून जमा केलं असं त्यानं पंचनाम्यात लिहिलं, आजारपणाचे माझे कागद जोडून घेतले, त्या दोघांची तक्रारही नोंदवली. पुण्याकडच्या एका प्राणी-केंद्रात न्यायच्या लाकडी खोक्यात गवत अंथरलेलं होतं. दिगंबररावांनी तिला उचलून आत ठेवलं. पंच म्हणून सही करायला शेजारी बोलावले होते. ते म्हणाले, इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"नाव काय लिहू?" वनपालानं सहज विचारलं.

"लिहायचं असतंय का?" दिगंबरराव म्हणाले.

"तसं नसतं."

"मग ऱ्हाऊ द्या."

जीप गेल्यावर ते अंगणातल्या पाल्याचा ढीग उचलायला लागले. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाले.

त्यानंतर मी दोनदा गेले. एकदा केंद्रातून खुशाली कळली ती सांगायला, एकदा समुद्रफेसाचा उरलेला पुडा परत द्यायला आल्याचं निमित्त करून. दोन्ही वेळा आम्ही पुढच्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून बसलो, आणि बोलायला काही सापडेना. मग जाणं सुटलं. बाजारच्या दिवशी कधी दिसायचे. "बरं हाय का म्याडम," "बरंय," एवढंच.

पावसाळ्यानंतर पुण्याकडच्या त्या प्राणी-केंद्रातून परवानगी आली, एकदा येऊन बघा. पुण्याचा तो तरुण डॉक्टरच मध्ये पडला होता. आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. दिगंबररावांनी डब्यात जास्वंदीची फुलं आणली होती, ओल्या फडक्यात.

मोठं कुंपण, गवत, मातीचे उंचवटे, आणि तीसेक स्टार कासवं. राखणीला असलेली मुलगी म्हणाली, ओळखू येईल का तुम्हाला? दिगंबररावांनी लगेच बोट केलं. टोकदार उंचवट्यांची पाठ त्या सगळ्यांत एकच होती. ती एका दुसऱ्या कासवाशेजारी हराळी तोडत होती. नवी सपाट कड आता बोटभर झाली होती.

"बाहेरचं खायला देता येत नाही काका," ती मुलगी म्हणाली. त्यांनी डबा परत पिशवीत ठेवला.

"बंडू," त्यांनी हळूच हाक मारली. ती खात राहिली. थोड्या वेळानं चालत कुंपणापर्यंत आली, वळली आणि कडेकडेनं पुढं गेली. कासव माणसाला ओळखतं का, ते मी सांगू शकत नाही. दिगंबररावांनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "पाय बघा कसे उचलतीय," आणि रुमालानं चष्मा पुसला.

केंद्रातून आम्ही पुण्याच्या बसस्थानकावर आलो. मनीषा तिथं स्कूटर घेऊन उभी होती. मला वाटलं, बापाला भेटायला आलीय. दिगंबररावांनी आपली पिशवी तिच्याकडं दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका दिवसाच्या मानानं ती पिशवी बरीच मोठी होती.

"मी आता इकडंच ऱ्हातो म्हणतो," ते म्हणाले. "घर भाड्यानं दिलंय. ती लई दिवस म्हणतीय."

"बरं झालं," मी म्हटलं. "मला बोलला नाहीत."

"येताना गाडीत सांगणार व्हतो."

येताना गाडीत आम्ही पाच तास शेजारी बसलो होतो. पाऊसपाणी, गाडीचा टायर, टेंभुर्णीचा चहा, सगळं बोललो होतो.

"तब्येतीला जपा," ते म्हणाले. "तुमी लई केलं आमच्यासाठी." मग थोडं थांबून, "कमल असती तर तुमचं तिचं जमलं असतं."

मी भूमच्या गाडीत बसले. ते गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते, सवयीनं मागचं दार नीट लागलंय का ते बघत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन म्हशी, एक शेळी, एक आजारी कुत्रं. सहाला कुलूप लावून घरी गेले, तोंड धुतलं, साडी बदलली आणि चप्पल घालून बाहेर पडले. दिगंबररावांच्या घराकडं वळायच्या कोपऱ्यापर्यंत आल्यावर थांबले. घरमालकीणबाई कोपऱ्यावरच्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, आज लई दिवसांनी निघालात. कुठं?"

"कुठं नाही," मी म्हटलं. "जरा चालून येते."

आणि आता बोलले आहे म्हणून मी खरंच बसस्थानकापर्यंत चालत गेले, आणि परत आले.